पांढरं काही हलवू नये

बोत्सफ्योर्डला दुसरी पाळी सुटते
तेव्हा ओद्रुनच्या बोटांत कॉडचा वास
आणि कानांत अजून कारखान्याचा पट्टा फिरतोय.
घरामागं दोरीवर सकाळची चादर
पत्र्यासारखी ताठ.
ती चिमटे काढते.
तिसरा निघत नाही.
त्याला तोंडाची वाफ देत उभी राहते,

तेवढ्यात डोंगरामागून
हिरवं उतू जातं.
आवाज नाही कसलाच.
उजेड फाटतो, सांधतो, कडेला किंचित जांभळा,
आणि खाली धक्क्याला लागलेल्या बोटींची नावं
वाचता येतात.

पांढरं काही हलवू नये अशा वेळी,
सासू बजावायची.
तो बघतो, खाली येतो,
न्यायचं त्याला घेऊन जातो.
चाळीस वर्षं ओद्रुननं ऐकलं,
साधा रुमालसुद्धा खिशातच ठेवला.

आज पाठ दुखतेय. आज शुक्रवार.
ती दोन्ही हातांनी चादर उचलते
आणि आभाळाला दाखवते,
ये की मग.

चादर फडकत नाही, नुसती कडकडते.
उजेड आपल्याच नादात पूर्वेला सरकतो.

पण खाडीपलीकडे
तोर्लाइफच्या सज्ज्यात काहीतरी हलतं.
तोच तोर्लाइफ,
होडीच्या इंजिनावरून
सहा वर्षं ज्याच्याशी बोलणं नाही.
टॉवेल आहे बहुतेक.
बराच वेळ हलतोय.

ओद्रुन चादर आडवी करून
दारातून आत घेते,
शेगडीशेजारी भिंतीला टेकवते,
आणि ती वाकेपर्यंत
खिडकीशी उभी राहते,
दिवा न लावता.