चौथ्या खाटेजवळचं बेसिन

ही बेसिनं मीच बसवली होती.
बावीस वर्षांपूर्वी, कोइंब्राच्या या इस्पितळात,
अतिदक्षता विभागाचा रंग ओला असताना.
प्रत्येक खाटेशेजारी एक. नळ कोपराने उघडायचा.
मुख्य परिचारिकेनं पहिल्यांदा हात धुतले
आणि म्हणाली, अदेलीनो, आता रोगच हात टेकतील.

आज तीच काढायला बोलावलंय.

डॉक्टर ओफेलिया आधी मला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या.
गरज नव्हती. प्लंबरला कोण कारण सांगतं?
पण त्यांनी काचेची थाळी उजेडात धरली:
पिवळट जेली, तिच्यावर सायीसारखा थर,
आणि थरात सहा पांढऱ्या टिकल्या.
मला वाटलं, वॉशर आहेत.

"ही औषधं. प्रत्येकीभोवती मोकळं रिंगण हवं,
जंतू मागे हटल्याचं."
साय टिकल्यांना भिडून होती.
नवा वॉशर बसवावा आणि नळ गळतच राहावा,
तसं.
फक्त सहावीभोवती एक फट,
नखाच्या कडेएवढी.
"हे शेवटचं. आणि हे मूत्रपिंडांवर उठतं."
कुठून आणलंत, मी विचारलं.
"तुमच्या पाइपातून."

तुमच्या.

अडीच महिने सगळे जंतूंच्या हात धुऊन मागे लागले होते.
खाटा पुसल्या, पडदे जाळले,
मुलींच्या बोटांचे नमुने घेतले;
त्या एकमेकींना पाण्यात पाहू लागल्या.
आणि जिथे हात धूत होत्या
तिथेच, जाळीखाली वीतभर, वळणात,
ते घर करून होते.

बाटलीच्या तळाशी उरलेलं औषध
घाईच्या रात्री त्याच भोकात ओतलं गेलं.
रोज थोडं.
मरण्याइतकं नाही,
शिकण्याइतकं.

नळ सोडला की धार जाळीवर आपटते,
तुषार उडतात, दीड हात, कधी दोन.
खाट सव्वा हातावर.
माप मीच घेतलं होतं, गुडघ्यावर बसून,
पेन्सिल कानामागे.

चौथ्या खाटेवर एर्मेलिंडा नावाची बाई होती.
पित्ताशयासाठी आली, दोन दिवसांत घरी जायची.
बोरं-अंजिरं विकायची बाजारात,
सुरीनं चिरून आधी चव देणारी.
मुलाने तिच्या घरच्या सपाता आणल्या होत्या,
त्या एकोणीस दिवस खाटेखाली होत्या, जोडीनं, टाचा भिंतीकडे.
हे मला नर्स ग्रासिंडानं सांगितलं,
मी पाना शोधत असताना.
मी विचारलं नव्हतं.

सायफन उघडला.
चाळीस वर्षं लोकांची घाण उघड्या हातांनी काढली आहे मी:
केस, चरबी, एकदा कुणाची तरी लग्नाची अंगठी.
आज दुहेरी हातमोजे, तोंडावर मुखपट्टी,
आणि आत ते राखाडी बुळबुळीत,
बोटाला किंचित धरून ठेवणारं.
मी ते पिशवीत सोडलं,
पिशवी दुसऱ्या पिशवीत.
कुणीतरी दोन्हींवर आजची तारीख लिहिली.

वाटलं, काहीतरी म्हणावं.
तोंड झाकलेलं होतं.

दुपारपर्यंत आठही बेसिनं ट्रॉलीवर,
उताणी, तोटीशिवाय.
भिंतीवर आठ पांढरे चौकोन,
आजूबाजूच्या फरशीहून बावीस वर्षांनी नवे.
खाटांना आता हाताला चोळायच्या द्रवाच्या बाटल्या अडकवल्या आहेत,
अंग पुसायला पाकिटातलं ओलं कापड.

निघताना पाहिलं:
ग्रासिंडा पाचव्या खाटेवरून वळली,
घड्याळ वर सरकवलं,
आणि कोपर पुढे करून
कोऱ्या भिंतीसमोर उभी राहिली.
हात तसेच, पाणी येईल म्हणून.

मग हसली. माझ्याकडे नाही.

मी आतली तोंडं बंद केली आहेत,
दोन आटे जास्तच आवळून.
त्यांच्यामागे पाणी आहे, दाबाखाली.
कान लावला तर ऐकू येतं.
रंगारी सोमवारी येणार आहे.