झिलमिलीची खिडकी

रात्रपाळी संपवून येते तेव्हा
खानापूरला नुकतं उजाडलेलं असतं,
लोंढ्याची गाडी शिट्टी घालत जाते,
आणि मला झोपायचं असतं.

पडदे लावून पाहिले. उकाडा.
पत्र्याचं शटर लावलं. शवागार.
बेळगावात, खडे बाजाराच्या मागे,
दुकानदारानं गुळगुळीत नमुना पुढे केला:
'लाकूडच समजा, मॅडम. वाळवी नाही, कटकट नाही.'
कडेला नखानं टोकरलं. आत भुसा.
बावीस वर्षं बोटांनी शिरा शोधतेय,
कातडीखालचं कळतं थोडंफार.

मग नंदगडच्या रस्त्याला, मोनाप्पा बडिगेरांकडे.
त्यांनी दर सांगितलाच नाही.
'खिडकीचं तोंड कुठं?'
'उगवतीला.'
'झोप कवाची?'
'दिवसाची.'
रंधा थांबला. तेव्हा कुठे वर बघितलं.

सागवान काढलं, कुणाच्या मोडलेल्या दारातलं,
खिळ्यांची भोकं अजून काळी.
'नवं लाकूड लई बोलतंय बाई,
पावसात फुगतंय, चैतात आकसतंय.
ह्याचं बोलून झालंय.'
पट्टी कानाशी धरून टिचकी मारली,
मलाही मारायला लावली.
'पांढरं दिसलं कुठं तर परत करा. ते कोवळं.
खिळा घालणार न्हाई, कुसू करतो.
उतार बाहेरच्या अंगाला, पाणी आत वळायला नको.
दांडी खाली ओढली की अंधार,
वर ढकलली की वारा.'

दोन महिने लावले. तीनदा भांडले मी.

बसवायच्या दिवशी पट्ट्या ओसरीवर मांडल्या,
एकवीस.
प्रत्येकीच्या कुसवावर पेन्सिलीनं आकडा, कन्नडात.
मी मराठी शाळेची,
पण बाळंतिणींचं रजिस्टर कन्नडात, म्हणून वाचता येतात.
चार तेवढा दोन्हीकडं सारखाच.
कळा आल्या की कोणी आई गं म्हणतं, कोणी अव्वा,
रजिस्टरात फक्त वेळ लिहायची.
मोनाप्पांनी एकेक आकडा खाचेत सरकवला,
चौकट ठोकली,
आता तो कुणालाच दिसणार नाही.

आषाढात नववी अडकली. अर्धवट उघडी.
फोन केला, जरा तावातच:
तुमचं बोलून झालेलं लाकूड बोलतंय म्हटलं.
पलीकडं हसणं, मग खोकला.
'एखादं ऱ्हातंय सांगायचं.
ठोकू नका. दसऱ्यापतोर येतंय जाग्यावर.'

तोवर हे असं:
वीस पट्ट्यांचा अंधार,
वारा मात्र येतो, ओल्या करवंदीच्या जाळीचा वास घेऊन,
आणि उघडीप असली की नवव्या फटीतून
उजेडाची एक रेघ भिंतीवरून खाली उतरते,
घड्याळ, कॅलेंडर, टांगलेला युनिफॉर्म,
साडेनवाला पापणीवर.

मी कूस बदलते.