पंचनामा

तिन्हीसांजेला जयगडच्या जेटीवर
इस्माईल सोलकर जाळं सांधत बसलेत.
"पुण्यात नक्की करतेस काय गो?"
फुटलेल्या ताऱ्यांचे पंचनामे, मी म्हणते.
ते हसतात. मग सुई दातात धरून
गप्प होतात.

त्यांच्या भावाची होडी खाडीच्या तोंडाशी फुटली,
भादव्यातल्या एका शांत रात्री.
सिलिंडर, म्हणाले कोणी.
दुसरी होडी येऊन आदळली, म्हणाले कोणी.
कागदावर आलं, कारण अज्ञात.
चार दिवसांनी ओहोटीला नांगर तेवढा मिळाला.

तर चाचा, एक तारा असतो. जळण संपलेला.
आकार पृथ्वीएवढा, वजन सूर्याचं.
चमचाभर घ्याल तर तुमची होडी तळाला जाईल.
एकटा असेल तर काही करत नाही,
नुसता निवत राहतो, उतरवून ठेवलेल्या तव्यासारखा.
पण याला जोडीदार आहे.

एक म्हणणं असं की जोडीदार जिवंत, फुगलेला,
आणि त्याचं अंग याच्यावर पाझरतं,
उधाणाचं पाणी बांधाशी चढावं तसं
एका खुणेपर्यंत.
दुसरं म्हणणं, दोघेही मेलेले.
मेलेलेच फेर धरतात, कोट्यवधी वर्षं,
जवळ, जवळ, जवळ.

"खरं कुठलं?"
ठाऊक नाही.
त्यांच्या उजेडावरून आम्ही विश्वाची अंतरं मोजतो
आणि कुणामुळे पेटलं ते ठाऊक नाही.
जोडीदार जिवंत असता तर मागे उरला असता,
होरपळून पळत सुटला असता.
राखेत शोधतो आम्ही. बहुतेकदा कोणी नसतं.
काही पळते सापडलेत, तेही मेलेल्यांतलेच,
आणि तेवढ्यानं सगळ्यांचा हिशेब लागत नाही.

इस्माईलचाचा काडी ओढून नायलॉनचं टोक जाळतात.
"दुसरी होडी असती तर
कुणाच्या तरी घरात रडणं झालं असतं.
वरवड्यापासून हर्णैपर्यंत सगळी बंदरं फिरलो मी.
कुणाचंच काही हरवलं नव्हतं."

दीपगृहाचा झोत आमच्यावरून जातो, परत येतो.
मला सांगायचं असतं की लोखंड,
बरंचसं लोखंड,
असल्याच स्फोटांतून आलंय. होडीच्या खिळ्यांचं,
त्या नांगराचं, जो तुम्ही अजून वापरता.
सांगते.

ते नांगराकडे बघत नाहीत.
"हे टोक धर," म्हणतात, "ताणून."