उजवीकडून डावीकडे

एकाहत्तरच्या मार्चमध्ये ग्रेव्हझेंडच्या सिमेंट कारखान्यात
टीव्हीवाले आले, दोन दिवसांसाठी.
गोष्ट अशी की एक शास्त्रज्ञ
भट्टीच्या मागच्या दारानं आत शिरतो
आणि निघतो ह्याच कारखान्यात,
पण दुसऱ्या विश्वातल्या.
तीच चिमणी, तीच माणसं,
फक्त दंडावर काळी पट्टी
आणि कुणी कुणाला गुड मॉर्निंग म्हणत नाही.

बाबा म्हणाले, मग वेगळं काय त्यात?

हेल्मेट काखेत धरून त्यांनी चालायचं होतं,
डावीकडून उजवीकडे.
दुसऱ्या दिवशी उलट,
गालावर डिंकाची जखम लावून.
जखमेचा एक पौंड जादा.

ती न पुसता ते तसेच बसनं घरी आले.
आईनं दार अर्धंच उघडलं.
"कोण पाहिजे?"
तव्यावरची पोळी करपेपर्यंत
तिनं त्यांना पायरीवर उभं ठेवलं,
मग बोटानं जखम चाचपली, आणि हसत सुटली.
मी सात वर्षांची. मी रडले.

मेमधल्या शनिवारी, भाड्याच्या टीव्हीवर
जखम राखाडी दिसली.
लाल होती, हे आम्हा तिघांनाच ठाऊक.

पहिल्या विश्वात बाबा चार सेकंद, मान खाली,
रोज जसे चालत तसेच;
फोरमन हॉबडे त्यांना डिग्बी म्हणे,
दिगंबर म्हणायला वेळ लागतो म्हणून.
दुसऱ्यात सात सेकंद. आणि मधेच ते थांबतात,
सरळ कॅमेऱ्यात बघतात.
बघायचं नाही अशी ताकीद होती.
आई म्हणाली, "हेच बरे दिसतात."

शेवटी ते विश्व जळतं.
शास्त्रज्ञ परत येतो, चहा मागतो.
तिथल्यांचं कुणी विचारत नाही.
मी विचारलं, बाबा, तिथं तुमचं काय झालं?
"माझी शिफ्ट दोनलाच संपली होती."

पुढे कंपनीनं ती टेप पुसली,
तिच्यावर म्हणे घोड्यांची शर्यत घेतली.
परवा कुठल्याशा तळघरात एक प्रत सापडली.
भट्टीच्या जागी आता फ्लॅट आहेत, नदी दिसणारे, महाग.
नामावलीत कारखान्याचे आभार आहेत.

सातातल्या पाचव्या सेकंदाला मी चित्र थांबवते.
हेल्मेटवर खडूनं काहीतरी लिहिलंय, देवनागरीत.
इतक्या वेळा पाहूनही हे कधी दिसलं नव्हतं.
पहिलं अक्षर दि आहे की डि,
ते धुळीत गेलंय.