समोरचा काय म्हणतो

पुतणीची मुलगी, ईशानी, हसून लोळते आहे दिवाणावर.
तिच्या तळहातावरच्या पडद्यात
इनामदार साहेब खिशातून फोन काढतात,
काढतात म्हणजे उपसतात,
आधी एरियल दिसते, मग बऱ्याच वेळाने फोन.
"आजी, हा फोन आहे की पाण्याची बाटली?"
म्हटलं, पुढे बघ, ट्रे घेऊन येते ना, ती मी.
"कुठे?"
तोवर मी गेलेली असते.

एरंडवण्यात एका दातांच्या डॉक्टरांचा बंगला मिळाला होता.
खाली दवाखाना चालू,
ड्रिल सुरू झालं की खांबेटे ओरडायचे, कट!
फोन निर्मात्याच्या मेव्हण्याचा.
मेव्हणा फोनसोबत जातीने हजर,
पोहे खायचा, आणि शॉटच्या आधी
बॅटरी काढून रुमालात बांधून ठेवायचा.
तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत.
चुकून कुणाचा आलाच तर?
म्हणजे साहेब बोलायचे ते एका पोकळ डब्याशी.
रिंग मागाहून टाकायचे, टेपवरून.

मी दिवसा टेलिफोन भवनात, बाजीराव रोडला.
ट्रंक बोर्डावर एकोणीस वर्षं.
एसटीडीने आमच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या केलेल्या,
उरलेल्यांत मी.
संध्याकाळी स्पर्धेच्या नाटकाच्या तालमी,
त्यातून हे काम मिळालं: तीन भाग, पाच वाक्यं,
त्यातली दोन कापली.

खांबेटे म्हणाले, बाई, तुम्ही फोनवाल्या ना,
यांना जरा दाखवा कसं बोलायचं.
मोबाईल मी तोवर हातात धरलेला नव्हता.
बॅटरीशिवायसुद्धा जड लागला.
पण बोलणं मला ठाऊक होतं.
म्हटलं, साहेब, तुम्ही थांबतच नाही.
"काय? अपघात? कुठे? खंबाटकी घाटात?"
असं एका दमात म्हणता,
मग तो बिचारा सांगतो कधी?
समोरच्याला जागा द्या.
वाईट बातमी सांगणारा माणूस
आधी विचारतो, जेवलात का.
मग खोकतो.
मग लाईनवर नुसती खरखर,
आणि तेवढ्यात ऐकणाऱ्याला कळलेलं असतं.
हे मी रोज ऐकायचे. ऐकायचं नसतं, तरी.
तीन मिनिटं झाली, वाढवायची का,
असं नेमकं तेव्हाच मध्ये विचारणारी मीच.

सगळे जरा गप्प झाले.
मेव्हण्याचा चमचा बशीत थांबला.
साहेबांनी तो शॉट चार वेळा दिला.
चौथ्यांदा थांबले. खरोखर थांबले.
खालचं ड्रिलही बंद होतं नेमकं,
आणि त्या बॅटरी नसलेल्या फोनातून
कुणीतरी काहीतरी सांगितलं.
मला ते त्यांच्या मानेवर दिसलं.

एडिटिंगला ती जागा काढून टाकली.
भाग बावीस मिनिटांचा, मध्ये साबणाच्या जाहिराती.

ईशानी म्हणते, एक मेसेज केला असता
तर पहिल्याच भागात संपली असती तुमची मालिका.
खरं आहे. तेरा आठवडे आम्ही
एक निरोप पोचू दिला नाही.
चिठ्ठी मोलकरणीच्या पदरात राहिली,
लँडलाईन बिल न भरल्यामुळे बंद,
आणि मोबाईल आला तोही अकराव्या भागात,
तेव्हा त्याला रेंज नव्हती.
बंगल्याच्या गच्चीवर उभे राहून
साहेब पर्वतीच्या दिशेने एरियल वळवत होते,
जणू देवीच जोडून देणार होती लाईन.
इथे ती पुन्हा लोळते.
मीही हसते. हसण्यासारखंच आहे.

मध्येच तिचा फोन थरथरतो.
साहेब उघड्या तोंडाने नाहीसे होतात.
ती उठून बाल्कनीत जाते,
खाली कर्वे रोडचे हॉर्न, एक हात कानावर.
"हॅलो."
थांबते.
"हो, जेवले."
थांबते.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते, सवयीने.