उजवा हात

गॅरेजमध्ये, बर्फ लोटायच्या फावड्यांमागे
नकाशे ठेवायचं एक लोखंडी कपाट आहे,
शाळेनं भंगारात काढलेलं, वीस डॉलरला आणलेलं.
आई म्हणायची, तेवढ्यात माझा ओव्हन दुरुस्त झाला असता.
सहा खण. खालचा अडकतो.
गुडघा लावून, जरा उचलून ओढायचा.
हे फक्त इसाला जमायचं.
इसा म्हणजे बाप; आजीच्या फिनिशमधला
तेवढा एकच शब्द आमच्यापर्यंत पोचला.

आत हात आहेत.
डावे हात, शेकड्यांनी.
दर सप्टेंबरात, पहिल्याच तासाला,
मिस्टर रेनो कुम्पुला, चित्रकला, खोली क्रमांक नऊ,
पोरांना सांगायचे: पेन्सिल धरा,
आणि जो हात रिकामा आहे त्याच्याकडे बघा.
कागदाकडे नंतर.
डावखुऱ्यांनी उजवा काढा, त्यात काय एवढं.
जूनमध्ये पुन्हा तोच हात,
मग दोन्ही कागद एकत्र टाचून ज्याचे त्याच्या घरी.
खणात उरलेत ते
जूनपर्यंत न टिकलेले.

तांब्याची खाण बंद पडली त्या वर्षीचा गठ्ठा सगळ्यांत जाड.
मागे त्याचं बारीक अक्षर:
‘कुटुंब डेट्रॉइटला गेलं. नोव्हेंबर.’
‘डोनाल्ड माकी. आजोबांच्या बोटीवर लागला.’
‘लुसिल. नखं कुरतडते. नखंच उत्तम काढलीत.’
‘बर्नी. जानेवारी. तळ्यावरचा बर्फ.’
आणि त्यापुढे काही नाही.

घरी तो कलावंत वगैरे नव्हता.
पाइप गोठले की तळघरात वाकलेला,
शनिवारी सौना तापवणारा,
आमच्या ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबून
ते रात्री शेगडीजवळ ओळीनं मांडणारा.
डेलच्या हॉकीसाठी उन्हाळाभर पाट्या रंगवायचा.
‘ताजा व्हाइटफिश’ या दोन शब्दांवर
माझे दात सरळ झाले.

एकदा विचारलं होतं,
स्वतःची चित्रं का नाही काढत?
आईशेजारी उभा राहून पेस्टीची कड दुमडत होता.
म्हणाला, काढतो की.
आणि कड दाखवली.
मला राग आला. ते टाळणं होतं,
मला अजूनही तसंच वाटतं.

मग तो फेब्रुवारी.
न्याहारीला कप हातातून सुटला
आणि उजवी बाजू गेली.
शब्द परत आले, अर्धेमुर्धे,
आधी फिनिश, जे आईलाच कळायचं,
मग बाकीचे.
हात आला नाही.
आई तो रोज मांडीवर घेऊन धुवायची,
एकेक बोट, जपून,
शेजारीण तासाभरासाठी ठेवून गेलेलं
मूल असावं तसा.

एप्रिलमध्ये, सुपीरियरच्या काठचा बर्फ
कडाकडा फुटायला लागला तेव्हा
त्यानं पेन्सिल मागितली. डाव्या हातात.
उजवा उशीवर ठेवायला लावला मला,
थोडा खिडकीकडे. नाही, इतका नाही.
म्हणाला, एकोणऐंशी वर्षं
हा सगळ्यांकडे बघत राबला.
ह्याच्याकडे कुणी बघितलंच नाही.

दुपार गेली. रेघ थरथरत, थांबत,
सौनाच्या दगडांनी पोळलेल्या डागाशी जरा रेंगाळत.
मधेच सूप आलं, निवलं.
डेलचा फोन आला, तोही निवला.
शेवटी कागद लांब धरून, एक डोळा मिटून
पोरांकडे बघायचा तसं बघितलं:
अंगठा चुकलाय.
जूनमध्ये परत बघू.

मे महिन्याच्या एकोणीसला गेला.
शाळेतून सत्तरीची माणसं आली,
टोप्या हातात घेऊन. एकानं खिशातून
घडी पडलेले दोन कागद काढले, टाचलेले,
मला दाखवले, आणि परत खिशात ठेवले.
नाव सांगितलं नाही.

काल मी गॅरेजमध्ये गेले.
त्याचा कागद उताणा, सगळ्यांच्या वर.
मागे काय लिहावं ते सुचेना,
म्हणून फक्त नाव, आणि ‘एप्रिल’.
खण अडकला.
गुडघा लावला.
जरा उचलला.