खाली उतरवण्याचे पैसे

गेथिन आधी झाडाकडे बघत नाही.
आधी फाटक. चिपर आत जाईल का?
मग काचघर, मग विजेची तार,
मग शेजाऱ्याचं कुंपण, आणि कुंपणामागचा शेजारी.
झाड सगळ्यात शेवटी,
नातेवाइकांचं सांगून झाल्यावर
पेशंटला विचारावं तसं:
हं, तुमचं काय दुखतंय?

मी नेरिस. खालून दोर धरणारी.
बारा वर्षं माझी मान वर आहे
आणि कुणी मला गर्विष्ठ म्हटलेलं नाही.

ब्रेकनच्या डोंगराखाली, प्रॉबर्टबाईंच्या परसात
अ‍ॅश वाळत चाललाय.
शेंडा उघडा, पालवी काय ती बुंध्याला,
थंडीत मफलर पोटाला गुंडाळावा तशी.
इकडे सगळेच अ‍ॅश असे चाललेत,
रस्त्याच्या कडेनं, वरून खाली.
मेलेलं लाकूड तोंडावर सांगत नाही.
पाय ठेवला की सांगतं.
म्हणून चढायचं नाही, पाळण्याची गाडी भाड्यानं आणायची,
आणि आकडा तिथंच उडी मारतो.

व्हॅनमध्ये, चिप्सच्या कागदावर, पेन्सिलीनं:
माणसं तीन, दिवस दीड.
गाडीचं भाडं. डिझेल. साखळीचं तेल.
भुसा टाकायची जागा, तिचेही पैसे.
विमा. हा आकडा तो श्वास रोखून लिहितो.
दोर. दोराला वय असतं,
एक धागा उसवलेला नसला तरी
तारीख उलटली की तो कुत्र्याच्या गळ्यात जातो.
गुडघा लिहीत नाही.
गुडघ्याचं विचारायला गेला होता एकदा हॉस्पिटलात,
रांग बघून परत आला.

"अकराशे चाळीस पौंड?" प्रॉबर्टबाई म्हणाल्या,
"एका झाडाचे? ह्यांनी हे ओढ्याकाठून
फुकट उपटून आणलं होतं, खिशात घालून!"
"आणायला फुकटच असतं," गेथिन म्हणाला.
"आणि लाकूड तर तुम्हालाच मिळणार."
हे सगळेच म्हणतात.
जणू लाकूड आपलं आपण फुटून, दोन उन्हाळे वाळून
चालत जाणार कुणाच्या शेगडीत.
"चढायचे मी घेत नाही, बाई.
हे सगळे खाली उतरवण्याचे."

फोन आला नाही.
मंगळवारी तिकडून जाताना दिसलं:
बुंध्याला शिडी, शिडीवर पोरगा,
पायात धावायचे बूट, हातात नवीकोरी करवत.
चारशे असतील. रोख. पावती नाही.
गेथिननं व्हॅन हळू केली, थांबवली नाही.
मग चर्चच्या वळणावर थांबवली.
स्टिअरिंग धरून बसून राहिला.
शेवटी शिवी हासडून उतरला, एक वेल्श, एक इंग्रजी,
मागून जास्तीचं हेल्मेट काढलं
आणि लंगडत परत गेला.

बोलणं मला ऐकू आलं नाही.
पोरगा एकेक पायरी खाली येताना दिसला.
गेथिन हात वर करून दाखवत होता,
जिथं दोन फांद्या फुटतात ती काळी चीर.
मग करवतीच्या मुठीनं त्यानं खोडावर ठोकलं.
तेवढं मात्र रस्त्यापर्यंत आलं,
सामान हललेल्या घराच्या दारावर थाप मारावी तसं.

आता ओशिअन आमच्याकडे फांद्या ओढतो.
चिपरजवळ उभं राहताना बाही आत खोचायची
हे त्याला रोज सांगावं लागतं.
प्रॉबर्टबाईंनी परवा स्वतःच फोन केला,
आवाज जरा खाली उतरलेला.
गेथिननं चाळीस कमी केले. शिडीचे, म्हणाला.

रात्री व्हॅनमध्ये पुन्हा कागद.
माणसं: तीन खोडून चार.
बूट, मापाचे, एक जोड.
उरलं किती, त्या रेघेशी पेन्सिल बराच वेळ थांबली.
मग त्यानं कागद माझ्याकडे सरकवला.
"खा," म्हणाला, "गार होतायत."